भागीआत्याची मेढ

नळाचं पाणी करंगळीएवढं बारीक झालं की मी ओले हात पदराला पुसत मागच्या गॅलरीत जायची आणि खाली वाकून ओरडायची, "आत्या, आज काय फोडलंत?"

आधी पहारीचा आवाज थांबायचा. मग विटांच्या धुळीनं पांढरं झालेलं एक डोकं वर व्हायचं. "काय नाय गो बाई, जरा भिताड बाजूला घेते." जणू भिंत म्हणजे वाटेत बसलेली म्हैस, जरा पाठीवर थाप मारली की उठून बाजूला होणार. एवढं बोलून ती पुन्हा पहार उचलायची आणि मी आत येऊन निम्म्या भरलेल्या कळशीकडे बघत बसायची.

ही वाशिंदची गोष्ट, नव्वदीतली. स्टेशनच्या अलीकडे भातशेतीच्या तुकड्यांवर तेव्हा नुकत्याच इमारती उठू लागल्या होत्या. आमची त्यातलीच एक. तळमजला आणि वर दोन मजले, गच्चीवर टाकी नाही, लिफ्टचा तर प्रश्नच नाही. पाणी सकाळी यायचं आणि आपल्या जोरावर जेवढं चढेल तेवढं चढायचं. रस्त्यावरून येणारा पाइप पुढच्या अंगणाखालून शिरायचा, भागीआत्याच्या घराखालून जायचा आणि तिच्या स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीला धरून वर यायचा. म्हणजे आख्ख्या इमारतीचं पाणी आत्याच्या दारावरून जायचं. नाव भागीरथी, आणि तिच्यापायी आमचे नळ कोरडे. हा विनोद मी तिला एकदा ऐकवला तेव्हा ती म्हणाली, "नाव आजीनं ठेवलंय, तिला जाब इचार."

मी तिथल्या शाळेत शिकवत होते म्हणून ती मला बाई म्हणायची. ती माझ्याहून बरीच मोठी, म्हणून मी तिला आत्या. उंच, काळीसावळी, कपाळावर आणि हनुवटीवर गोंदण, लुगडं कायम गुडघ्यावर खोचलेलं. तिचं गाव मुरबाडच्या अंगाला डोंगराखाली होतं, ते धरणात गेलं. नवरा इथल्या कारखान्यात होता. त्यानं तळमजल्यावरचं हे घर घेतलं, दाराला तोरण बांधलं आणि त्याच पावसाळ्यात कावीळ होऊन गेला. मागे राहिली आत्या आणि शाळेत जाणारी मंगल, म्हणजे मंगी.

माणसं दुःख झालं की रडतात, देवदेव करतात, कुणी अबोल होतात. आत्यानं पहार घेतली.

पहिल्यांदा तिनं फोडली ती स्वयंपाकघराची मागची भिंत. तिला मागलं दार हवं होतं. बांधणाऱ्यानं एका घराला एकच दार ठेवलेलं, आणि हे तिला काही केल्या पटत नव्हतं. "एकच दार उंदराच्या बिळालाबी नसतं, त्योबी दुसरं ठेवतो," म्हणायची. रविवारी आमचे सेक्रेटरी प्रधान बहिणीकडे डोंबिवलीला जात. त्यांची पाठ वळली की हिचं काम सुरू. त्या रविवारी पहार भिंतीतून आरपार गेली आणि जाताना पाइपही घेऊन गेली. संध्याकाळी प्रधान परत आले तेव्हा मागच्या बाजूला तळं, वरचे सगळे नळ कोरडे ठणठणीत, आणि आत्या गुडघाभर चिखलात उभी राहून भोकातून इकडून तिकडे जाऊन बघत होती, दार पुरेसं उंच झालंय का ते.

"कुणाला विचारून फोडलंत हे?" प्रधान ओरडले.

"माझं घर, माझं भिताड. इचारायचं कोनाला?"

"अहो, पण पाइप सगळ्यांचा आहे!"

"मंग पाइप तुमी घ्या नि भिताड मला ऱ्हाऊ द्या."

पडघ्याहून इस्माईलभाई प्लंबर आले. त्यांनी पाइप दाराच्या चौकटीला वळसा घालून, गुडघ्यात वाकवल्यासारखा वर नेला. पाणी आलं, पण त्याचा जोर गेला तो गेलाच. आमचा दुसरा मजला शेवटचा, त्यामुळे ज्या काही धारा उरत त्या आमच्या वाट्याला येत. नवरा म्हणायचा, आपल्याकडे पाणी येत नाही, पाण्याचा निरोप येतो.

रागावून मी एकदा खाली गेलेही. आत्यानं मला मागल्या दाराच्या उंबऱ्यावर बसवलं, हातात काळ्या चहाचा पेला दिला आणि विचारलं, "बाई, तुजं म्हायेर कुठलं?" मी सांगितलं. "तितं मागलं दार हाय?" मी म्हटलं, आहे. "आई तुला निरोप देताना कुठून बघती?" मी आठवून पाहिलं. आई पुढच्या दारात सगळ्यांसमोर हसून हात करते, मग मागल्या दारी जाऊन उभी राहते, तिथून एसटीचा रस्ता दिसतो. मी हे सांगितलं तशी आत्यानं मान हलवली. "पुढल्या दारानं पावना येतो. मागल्या दारानं मानूस येतं." चहा संपला. भांडायला आले होते ते मी विसरूनच गेले आणि तशीच वर आले.

तेव्हापासून मी मागल्या दारानंच जायची.

मागलं दार झालं, मग त्याला ओटा हवाच. तो तिनं स्वतः रचला. दगड, माती, वर शेणाचं सारवण, एका कडेला चूल. इतका देखणा ओटा की बायका दुपारी पापड वाळत घालायला तिथं येऊ लागल्या. फक्त एक झालं. इमारतीच्या गटाराचं चेंबर नेमकं त्या ओट्याच्या पोटात गेलं. पुढल्या पावसाळ्यात गटार तुंबलं. तळमजल्यावरच्या दुसऱ्या घरांच्या मोऱ्यांतून पाणी उलटं वर येऊ लागलं, वास तर विचारू नका. प्रधान आणि इस्माईलभाई चेंबर शोधत इमारतीभोवती फिरताहेत आणि आत्या त्याच्याच वर बसून शांतपणे नाचणीची भाकरी थापतेय. शेवटी मंगीच म्हणाली, "आये, तू बसलीयास त्येच ना?" आत्यानं तिच्याकडे असं पाहिलं की पोरगी आत पळाली. तवा उतरवून तिनं ओटा स्वतःच्या हातानं फोडला. गटार मोकळं झाल्यावर पुन्हा बांधला, या वेळी मधे एक उचलायची फरशी ठेवून. त्या फरशीवरही ती सारवायची.

त्या प्रकारानंतर गच्चीवर सभा भरली. केलेलं सगळं पूर्ववत करा, असा ठराव. आत्या जिन्याच्या वरच्या पायरीवर बसली होती. प्रधानांनी तिला विचारलं, तुम्हाला काही बोलायचंय का?

"मला एकच काम हाय ह्या घराशी," ती म्हणाली. "माझ्या मंगीचा मांडव ह्या दारात पडल, पोर हितून नांदायला जाईल. मंग बुजवा काय बुजवायचं ते. मीच बुजवून देईन."

"लग्नाला हॉल असतात हो," कुणीतरी म्हणालं.

"हॉलात लगीन लागंल. पन पोर निघंल कुठून? हॉलातून? हॉल काय तिचं म्हायेर हाय?"

मंगी तेव्हा परकर-पोलक्यातली. लग्न अजून कुठल्या कुठे. प्रधानांनी ठराव घडी घालून खिशात ठेवला, आणि तो बरीच वर्षं तिथंच राहिला.

एका मे महिन्यात ती मला तिचं गाव दाखवायला घेऊन गेली. मुरबाडपर्यंत एसटी, पुढे जीप, मग चालत. उन्हाळ्यात धरणाचं पाणी खाली उतरलं की बुडालेली घरं जोत्यापुरती वर येतात. भेगाळलेला चिखल, त्यात दगडी जोत्यांच्या रांगा, एक फुटकं जातं. वरच्या कडेला, पाणी पोचत नाही तिथं, गावचा जुना उंबर तेवढा हिरवागार उभा होता.

आत्या झपझप चालत एका जोत्यापाशी गेली. मी पाठोपाठ निघाले ती सरळ त्या जोत्यावर चढू लागले, तर तिनं हात आडवा केला. "तिकडून नको बाई. भिताड हाय."

भिंत कुठली! वीतभर उंचीचे दगडही नव्हते तिथं. पण ती वळसा घालून पुढे गेली, जिथं कधीकाळी दार होतं तिथं पाय उचलून उंबरा ओलांडला आणि आत गेली. मीही तशीच गेले. तिनं मला पडवी दाखवली, भाताची कणगी कुठं असायची ते दाखवलं, देवाचा कोनाडा दाखवला. सगळीकडे चिखल आणि ऊन. मग ती मागल्या दारात जाऊन उभी राहिली. तिथून आता पाणीच दिसत होतं. "माझा मांडव हितं पडलेला," म्हणाली, "मेढ त्या उंबराची." मला तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. मी नाही ठेवला. तिला तो आवडला नसता.

परत येताना एसटीत ती एकदम म्हणाली, "पानी वाईट नाय गो. त्येला वाट दिली का गुमान जातं. आमीच त्येच्या वाटंत." आणि झोपी गेली. आमच्या नळाबद्दल तिला तसंच वाटत असेल का, असं माझ्या मनात आलं आणि मी एकटीच हसले.

मंगीचं लग्न ठरलं तेव्हा दोन हजार साल मागे पडलं होतं. मंगी बारावी होऊन एका दवाखान्यात कामाला लागली होती. मुलगा मुरबाडच्याच अंगाचा, म्हशाजवळच्या एका गावचा, शेती करणारा. कित्येक वर्षांनी आत्या धुळीशिवाय, स्वच्छ केसांनी हिंडताना दिसली. घरभर चुना, ओट्यावर नवं सारवण, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक. पुढच्या अंगणात मांडव. आणि मांडवाला मेढ.

मुहूर्तमेढ आता सगळीकडे कुंडीत नाहीतर डब्यात वाळू भरून उभी करतात. प्रधानांनी तेवढ्यासाठी रंगाचा एक रिकामा डबा धुऊन आणून ठेवला होता. आत्यानं तो बघितला. "डब्यात लोनचं घालत्यात," म्हणाली. मेढ जमिनीत रोवली गेली पाहिजे, आणि एकदा रोवली की लग्नकार्य पुरं होईस्तोवर हलवायची नाही. हलली तर ते पोरीच्या संसाराला लागतं. तिच्या गावच्या त्या उंबराची फांदी आत्याचा भाऊ टेम्पोतून घेऊन आला होता, मनगटापेक्षा जाड. हळदीच्या दिवशी सकाळी भावानं अंगणातलं काँक्रीट फोडलं, पहारीनं खड्डा केला, सुवासिनींनी सुपारी आणि हळदकुंकू घातलं, मेढ उभी राहिली. भावानं ती घट्ट बसावी म्हणून वरून घणाचे ठोके दिले.

शेवटच्या ठोक्याला जमिनीतून पाणी उडालं. मेढीच्या बुंध्याशी कारंजं. सनईवाले भिजले, हळदीचं ताट भिजलं, वरच्या मजल्यावरून एकदम ओरड झाली, "पाणी गेलं!"

हळदीला आलेले इस्माईलभाई धावले. रस्त्याकडचा नळ बंद करायला गेले तर तो गंजून बसलेला. त्यांनी चिखलात हात घालून चाचपून पाहिलं आणि हात बाहेर काढून पुसत बसले. प्रधानांनी खोदून विचारलं तेव्हा म्हणाले, "साहेब, लाकूड बरोबर पाइपात बसलंय. ह्ये काढल्याबिगर जोडता नाय यायचं."

अंगणात उभ्या बायका हे ऐकून दाराकडे वळल्या. दारात हळदीची मंगी उभी होती, पिवळी, हातात हिरवा चुडा. पाणी वाहत होतं. मे महिना, विहिरी आटलेल्या, वर पहिल्या मजल्यावर प्रधानांची अंथरुणाला खिळलेली आई, आमच्याकडे तान्हं मूल. सगळ्या इमारतीनं आत्याकडे पाहिलं.

ती चिखलात उतरली, मेढीला दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. मग तिनं पहार उचलली आणि प्रधानांपुढे केली.

"तुमी काढा सायेब. पान्याबिगर कोन ऱ्हानार? खरं हाय तुमचं. माझ्या हातानं मात्र नाय व्हनार."

प्रधानांनी पहार घेतली. त्यांची विजार पोटऱ्यांपर्यंत भिजली होती, चष्म्यावर चिखलाचे शिंतोडे. ते मेढीजवळ गेले. मंगीकडे त्यांनी पाहिलं की नाही, मला सांगता येणार नाही, कारण मी खाली बघत होते. एवढं ऐकू आलं, की पहार जमिनीवर टेकल्याचा आवाज झाला आणि प्रधान घसा खाकरून म्हणाले, "इस्माईल, बाजूनं नेता येईल का रे? हिला वळसा घालून?"

"येईल. पन गळत ऱ्हाईल थोडं."

"राहू दे. आपल्या इमारतीच्या पाइपाला वळशांची सवय आहे."

कुणीतरी हसलं, मग सगळेच हसलो, आणि आत्या चिखलात बसून ओक्साबोक्शी रडू लागली. नवरा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. पाइप जोडेपर्यंत कारंजं चालूच होतं. आम्ही बादल्या, पातेली, पिंपं, मिळेल ते त्याखाली धरलं. इतकं पाणी त्या इमारतीत मी ना आधी पाहिलं ना नंतर. दुसऱ्या दिवशी मंगी त्या मांडवातून नांदायला गेली. निघताना ती आधी मागल्या दारी जाऊन ओट्यावर क्षणभर बसली, मग पुढल्या दारानं आली. प्रधानांच्याही पाया पडली.

मेढ लग्न झाल्यावर काढायची ठरली होती. आत्या आठवड्यानं काढायला गेली तर तिच्या अंगावर लालसर कोंब. पाइप गळत होता, बुंधा ओला होता, उंबर तो, त्याला आणखी काय पाहिजे! आता मेढीचं झाड झालं होतं, आणि उंबरावर कुऱ्हाड चालवायला इमारतीतला एकही माणूस तयार होईना. प्रधान म्हणाले, "पावसाळा होऊन जाऊ दे, मग बघू." मग पुढचाही पावसाळा झाला.

उंबर पाण्याचा माग काढतो. तीन-चार वर्षांत त्याची मुळं पाइपात शिरली, तिथून गटारात. नळाला येणारी धार आता धार म्हणण्यासारखीही उरली नाही, आणि या वेळी गटार उलटलं ते आत्याच्याच मोरीत. प्रधान तेव्हा फार थकले होते. घडी घातलेला तो ठराव त्यांनी बाहेर काढलाच नाही. आत्याच एका सकाळी त्यांच्याकडे वर गेली आणि म्हणाली, "सायेब, मी शब्द दिलेला. माझं काम झालं."

मंगीला दिवस गेले होते. घरात सासू नव्हती. ती आणि जावई आईला बोलवत होते, आणि आत्यानं घर एका कुटुंबाला द्यायचं ठरवलं होतं. मला हे सांगायला ती मागल्या दारी थांबली, म्हणजे मी खाली येईपर्यंत तिथंच बसून राहिली. मी म्हटलं, "आत्या, राहा ना. पाण्याचं काय, आम्ही करू काहीतरी." ती माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. तिचा हात खरखरीत होता, विटेसारखा. मला ती जायला नको होती. आजही नको आहे.

तिनं सगळं स्वतः केलं. ओटा फोडून चेंबर मोकळं केलं. मागलं दार विटांनी बुजवलं. आयुष्यभर भिंती पाडलेल्या त्या बाईला भिंत इतकी सरळ रचता येते हे तेव्हा कळलं. इस्माईलभाईंनी पाइप सरळ केला. शेवटी उंबर. नारळ फोडून तिनं त्याची माफी मागितली, फांद्या उतरवल्या, भावाला घेऊन चौफेर खणलं आणि मुळं मातीसकट ओल्या गोणपाटात बांधली. "मेढ उठवायची ऱ्हायली व्हती," म्हणाली, "आज उठली." तो त्याच्या आईजवळ, धरणाच्या वरच्या कडेला जाणार होता. मंगीचं सासर तिथून फार लांब नव्हतं.

टेम्पो निघायच्या आधी तिनं चहाचे पेले विसळले आणि पाणी टाकायला सवयीनं स्वयंपाकघरात मागे गेली. तिथं नवी भिंत होती. ती पेला घेऊन तशीच उभी राहिली, मग वळून पुढल्या दारानं बाहेर आली आणि पाणी अंगणातल्या खड्ड्यात ओतलं. टेम्पोत मागे, सामानात, उंबराचा बुंधा मांडीवर आडवा घेऊन ती बसली. गाडी सुरू झाली तसं तिनं मला ओरडून विचारलं, "बाई, वर पानी येतंय का गो?"

"येतंय आत्या!" मी न बघताच ओरडले.

"मंग झालं," म्हणाली. टेम्पो फाटकाच्या बाहेर वळला. तिचं पांढरं डोकं आणि उंबराचं छाटलेलं टोक थोडा वेळ शेजारी शेजारी हलताना दिसत होतं.

मी वर आले आणि नळ सोडला. पाणी धो धो आलं, इतक्या जोरात की कळशी कलंडली. बादली भरली, वाहू लागली, मोरीभर पाणी झालं. मी ओले हात पदराला पुसत मागच्या गॅलरीत गेले आणि खाली वाकले. खाली तिनं घातलेला गिलावा होता, अजून ओला.